वहीत नसलेला आलाप

मागच्या एकादशीला आमच्या भजनी मंडळात थोडी वादावादी झाली. कारण म्हटलं तर अगदीच क्षुल्लक. मंडळात नव्याने यायला लागलेली एक जण आहे, आमच्यात वयाने सगळ्यात लहान. तिने अभंगाचा शेवटचा शब्द लांबवला, जरा वर गेली, तिथे थोडी रेंगाळली आणि खाली यायला तिला एक आवर्तन उशीर झाला. टाळ चुकले, मृदंगवाले काका थांबले. आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "चाल आहे तशी म्हणायची गं. आपण काय किशोरीताई लागून गेलोय?" सगळ्या हसल्या. पेटीवर बसलेली मीही हसले. ती पोरगी गोरीमोरी झाली आणि उरलेला वेळ नुसते ओठ हलवत बसली.

घरी आले, भाकरी टाकल्या, आवरलं, पण ते हसणं काही मनातून जाईना. कारण त्या पोरीच्या जागी पूर्वी मी बसलेली होते. तेव्हा कोणी हसलं नव्हतं एवढाच फरक. माझ्या तोंडून काही निघालंच नव्हतं, तर हसणार कशाला!

आमच्या तालुक्याच्या गावात नव्वदच्या दशकात एक गाण्याचा क्लास होता. आठवड्यातून दोनदा, एका वेळी पंधरा मुली. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा परीक्षा ओळीने द्यायच्या. प्रत्येकीची दोनशे पानी वही. रागाचं नाव, थाट, वादी, संवादी, वेळ, मग बंदिशीचं स्वरलेखन आणि त्याखाली "आलाप 1 ते 5" आणि "ताना 1 ते 5". हे आलाप सर फळ्यावर लिहून द्यायचे. आम्ही ते पाढ्यांसारखे पाठ करायचो. पाचवा आलाप तार सप्तकातल्या सापर्यंत जायचा, तो नीट आला की संपलं. त्या आलापांतला एखादा सूर इकडचा तिकडे करावा, असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. पाढा कोणी बदलतं का?

मध्यमाच्या परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले होते, वयस्कर, शांत. मी भूप गायले. पाचही आलाप झाले, ताना झाल्या. ते म्हणाले, "छान पाठ केलंयस बाळ. आता हे सगळं सोडून तुझा एक आलाप घे." तंबोरा वाजत होता. तबलजी माझ्याकडे बघत ठेका धरून होते. तुझा आलाप म्हणजे काय, हेच मला कळेना. शेवटी मी पहिलाच आलाप पुन्हा म्हटला. ते काही बोलले नाहीत, मार्कही चांगले दिले. पुढे लग्न झालं, वही ट्रंकेत गेली.

आता हे मी सरांना नावं ठेवायला लिहीत नाहीये. ही वही कुठून आली ते बघितलं, तर तिचे उपकारच जास्त आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं शिकायचं तर उस्तादाची किंवा बुवांची वर्षानुवर्षं मनधरणी करायची आणि घरंदाज बाईने तर गाण्याचं नावच काढायचं नाही, असा जमाना होता. पं. भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत छापल्या, राग दहा थाटांत बसवले. हिराबाई बडोदेकरांसारख्या बायका मैफलीत सन्मानाने बसून गायल्या. हे सगळं झालं म्हणून माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलीला सायकलवर टांग मारून क्लासला जाता आलं. वर्ग, वही, परीक्षा, सर्टिफिकेट हे सगळं होतं, म्हणूनच वडील "जा" म्हणाले. वही नसती तर गाणंही नसतं.

पण वही आली आणि एक गोष्ट सुटली. जुन्या पद्धतीत शिष्य गुरूच्या मागे तंबोरा धरून बसायचा. गुरू गाता गाता थांबले की त्याने मागून दोन सुरांची जागा भरायची. चांगली भरली तर मान डोलायची, वाईट भरली तर गुरू वळून बघायचे. स्वतःचं गाणं शिष्य असा शिकत जायचा, घाबरत घाबरत, पण भर मैफलीत. पंधरा मुलींच्या वर्गात हे कसं जमणार? म्हणून आलाप फळ्यावर आले. सोय म्हणून आले आणि नियम होऊन बसले.

माझी वही पुन्हा बाहेर निघाली ती 2020 च्या टाळेबंदीत. सासऱ्यांची जुनी पेटी माळ्यावर होती, भात्याला उंदरांनी एक भोक पाडलेलं. ते चिकटपट्टीने बुजवलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त संगीतशिक्षिका राहतात, त्यांना आम्ही सगळ्या ताई म्हणतो. मी गॅलरीत बसून तेच पाच आलाप घोकत होते. समोरच्या गॅलरीतून ताई म्हणाल्या, "वीस वर्षांपूर्वीचं शिळं किती दिवस गरम करशील? ताजं कर की काही!" मी म्हटलं, "येत नाही." त्या म्हणाल्या, "काळी तीनला सा धर. आणि आता पांढऱ्या पट्टीला हात लावायचा नाही. फक्त काळ्या."

मैत्रिणींनो, घरात पेटी किंवा मुलांचा छोटा कीबोर्ड असेल तर हे करून बघाच. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जोडीने असतात. तिघींमधली पहिली म्हणजे काळी तीन. तिथे सा धरला की पुढची रे, त्यापुढची ग, मग वरच्या जोडीतल्या दोघी प आणि ध. झाला भूप! मध्यम आणि निषाद या रागात नाहीतच, आणि त्या जागा पांढऱ्या पट्ट्यांवर गेल्यामुळे बोट चुकून तिथे जायची भीती नाही. जिथे बोट पडेल तिथे भूपातलाच सूर. माझी गाण्याची पट्टी काळी चार, पण एक सूर खाली उतरून गायला काही बिघडलं नाही.

पहिल्या दिवशी ताईंनी मला फक्त तीन सूर दिले. सा, रे, ग. "याच्या बाहेर जायचं नाही. एका श्वासात मावेल एवढंच गायचं आणि गंधारावर थांबायचं. पुढच्या श्वासात काहीतरी वेगळं गाऊन सावर यायचं." मी म्हटलं, तीन सुरांत काय वेगळं होणार! पण तीन सूर एकेकदा घेतले तरी ते सहा तऱ्हांनी मांडता येतात. चार सूर चोवीस तऱ्हांनी. भूपाचे पाच सूर एकशेवीस तऱ्हांनी. हा हिशेब आजचा नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातल्या शारंगदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सुरांच्या अशा मांडण्या कशा करत जायच्या ते दिलेलं आहे. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. सहलीला जाऊन आपण तिथे अंधेरी बघतो आणि हुरडा खाऊन परत येतो.

अर्थात एकशेवीस मांडण्या म्हणजे गाणं नाही. ती नुसती उलटापालट. गाणं सुरू होतं ते कुठे थांबायचं, हे ठरवलं की. ताईंनी मला ते देसकार गाऊन दाखवलं. देसकारचे सूर भूपाचेच, तेच पाच. पण भूप संध्याकाळचा, तो गंधाराशी घुटमळतो. देसकार सकाळचा, तो धैवतावर जाऊन उभा राहतो, आणि रिषभाला त्यात फारसा मान नाही. सूर तेच, घर वेगळं. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं आहे बघा हे. पाच ठिपके पाच ओळी सगळ्यांच्याच अंगणात असतात, पण रेघ कुठून कुठे ओढली यावर एकीचं कमळ होतं आणि दुसरीची चांदणी. रांगोळी काढताना आपण कुणाला विचारतो का, की बाई, ही रेघ बरोबर आहे ना? ठिपके मोजून घातले की हात आपला आपण चालतो.

आठवडाभराने ताईंनी आणखी एक गंमत दाखवली. पट्ट्या त्याच काळ्या, फक्त सा हलवायचा. तिघींमधल्या शेवटच्या काळी पाचला सा म्हणा आणि काळ्याच पट्ट्या वाजवत वर जा. तो मालकंस होतो! खालच्या जोडीतल्या काळी एकला सा म्हणा, दुर्गा. काळी दोनला धानी आणि काळी चारला मधमाद सारंग. याला मूर्च्छना म्हणतात, हे परीक्षेच्या व्याख्येत मी दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. त्याचा अर्थ बोटाखाली कळायला चाळिशी उलटावी लागली. पाच त्याच पट्ट्या, पण घर बदललं की माणसं तीच असून सगळ्यांची नाती बदलतात. सासरी गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको! मात्र हा खेळ बोटांसाठी आणि कानांसाठी. गायचं असेल तेव्हा आपल्या गळ्याला झेपेल तिथेच सा ठेवायचा. आणि तंबोरा त्या साला लावून घ्यायचा, नाहीतर कान जुन्याच साला चिकटून बसतो. मालकंसात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात. आता मोबाइलवर फुकट तंबोरा मिळतो, पट्टी बदलायला एक बोट पुरतं, ही मोठी सोय झाली आहे.

पेटीवर फार दिवस मात्र अवलंबून राहू नये, असं ताईंचं म्हणणं, आणि ते मला पटलं. पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. पेटी बंद करून नुसत्या तंबोऱ्यावर ग लावला आणि तो तारेत मिसळून गेला, की अंगावर काटा येतो. किशोरीताई आमोणकर 2017 साली गेल्या, पण त्यांचा भूप आजही कुठेही ऐकायला मिळतो. तो ऐकताना आता मी ताना मोजत नाही. त्या गंधारावर किती वेळ थांबतात आणि तिथे येण्याची वाट दर वेळी कशी नवीन काढतात, ते ऐकते. पूर्वी हे गाणं मला फार उंचावरचं वाटायचं. ते उंचावरचंच आहे. पण जिना कुठे आहे ते आता दिसतं, आणि पहिल्या तीन पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत.

माझा मुद्दा असा, की हे तीन सुरांचं काम पहिल्याच महिन्यात का शिकवत नाहीत? विशारद झाल्यावर बघू, असं का? मी हे आमच्या गावात क्लास घेणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या स्पष्टच म्हणाल्या, "आधी घोटून घ्यावं लागतं. सूर पक्के नसताना मुलींना मोकळं सोडलं की वाकडं वळण लागतं. शिवाय पालक विचारतात, परीक्षा कधी?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. सूर लागत नसताना आलाप म्हणजे नुसतं भटकणं. घोटवल्याशिवाय गळा फिरत नाही, हे मीही पलट्यांवरच शिकले. पण अक्षर सुंदर झाल्याशिवाय मुलीला स्वतःचं वाक्य लिहू द्यायचं नाही, असं आपण शाळेत करतो का? गिरवणं चालू असतं आणि शेजारी "माझी आई" हा पाच ओळींचा निबंधही चालू असतो. गाण्याच्या तासातली पाच मिनिटं अशी निबंधाची असावीत, एवढंच माझं म्हणणं. तीन सूर, एक श्वास, चूक काढायची नाही.

आणि हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. जात्यावर बसणाऱ्या आपल्या पणज्या काय करत होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी फिरून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! त्यांची वही कोणी दिली होती? चालीचा पल्ला तीन-चार सुरांचाच असायचा, पण माहेरच्या आठवणीला तीच चाल जरा लांबायची आणि दळण संपत आलं की आटोपती व्हायची. नवी ओवी दगड फिरता फिरता जुळायची. माझ्या आजेसासूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या ओवी म्हणायच्या तेव्हा दोनदा एकसारखी म्हणत नसत, असं सासूबाई सांगतात. "आम्ही म्हणायचो, आजी, मघाची पुन्हा म्हणा. तर म्हणायच्या, ती मघाशी गेली." चक्की आली, मनगटं सुटली, फार चांगलं झालं. जात्याची हौस मला मुळीच नाही. पण दळणाबरोबर दुसरंही काही घरातून गेलं, आणि त्याची तक्रार करायला कोणी उरलं नाही.

बचत गटाच्या कामात मला हे रोज दिसतं. कर्ज फेडण्यात आमच्या बायका एक दिवस चुकत नाहीत, हिशेब तोंडपाठ. पण ठरावावर "तुला काय वाटतं?" म्हटलं, की आधी शेजारणीकडे बघतात. "त्या म्हणतील तसं." परीक्षकांसमोर बसलेली मी मला प्रत्येकीत दिसते. गाण्याने हे बदलेल, असा माझा दावा नाही. पण गेल्या दिवाळीनंतर मी गटाची बैठक संपल्यावर अर्धा तास काळ्या पट्ट्यांचा खेळ सुरू केला. गोल बसायचं. मोबाइलवर तंबोरा. एकीने सा रे ग मध्ये एक श्वास गायचं, ती ज्या सुरावर थांबेल तिथून दुसरीने उचलायचं. कोणी "वा" म्हणायचं नाही, कोणी "चुकलं" म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी अकरा जणी होत्या. सहा जणी हसून हसून मुरकुंडी वळल्या आणि गायल्याच नाहीत. पुढच्या वेळी तिघी आल्याच नाहीत. त्यातली एक म्हणाली, "देवाचं नाव नाही, शब्द नाहीत, मग कशाला नुसतं आ आ करायचं?" तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

राहिल्या आठ. त्यांत एक धुणीभांडी करणारी आहे, बैठकीत कधी तोंड उघडत नाही, अंगठ्याची सही सोडून आता नाव लिहायला शिकली आहे. तिसऱ्या आठवड्यात तिची पाळी आली. ग वरून तिने उचललं, पंचमावर गेली, आम्ही तोवर प दिलाही नव्हता. तिथून धैवतावर गेली आणि तिथेच थांबली. खाली कसं यायचं ते तिला कळेना. श्वास संपला. आम्ही नियमाप्रमाणे गप्प. तिने दुसरा श्वास घेतला, पुन्हा धैवत लावला, मग प, ग, रे करत एकेक पायरी चाचपत सावर आली. तंबोरा तेवढा वाजत होता. तिने पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "लई वर गेल्ते." पुढच्या बैठकीत पिठाच्या गिरणीच्या कर्जावर ती बोलली की नाही, असं तुम्ही विचाराल. नाही बोलली. पण त्यानंतर गाताना ती रोज धैवतावर जाते, आणि आता रस्ता चुकत नाही.

एकादशीच्या प्रसंगानंतर मी त्या धाकट्या मैत्रिणीच्या घरी गेले. ती म्हणाली, "वहिनी, मी काही शहाणपणा करायला गेले नव्हते हो. ती जागा आली आणि गळा आपोआप गेला." मी म्हटलं, जाऊ दे, पण परतायचं कधी ते आधी ठरवून जा. टाळाकडे कान ठेव. दोन दिवस आम्ही ओट्याशी उभं राहून तेच केलं. ती वर जायची, मी डब्यावर ताल धरायचे.

परवाच्या एकादशीला तोच अभंग निघाला. शेवटचा शब्द आला आणि ती वर निघाली. मी मृदंगवाल्या काकांकडे बघून मान हलवली आणि पेटीवर तीच ओळ वाजवत राहिले, एकदा, दोनदा. ती गंधारावर थोडी थांबली, दोन वेगळ्या वाटांनी खाली-वर झाली आणि दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर बरोबर आली. टाळ चुकले नाहीत. काकूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आरती झाली, प्रसाद झाला, बायका पांगल्या. मी पेटीचा भाता बंद करत होते. काकू सतरंजीची घडी घालता घालता माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काळी तीन म्हणजे गं कुठली?"